जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्स मिंटची बूटेबल डीव्हीडी आणि पेनड्राइव्ह

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि घरोघरी एक प्रश्न उभा राहिला. २०१२ ते २०१६ च्या दरम्यान घेतलेला लॅपटॉप अजून ठणठणीत चालतो, पण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे तो त्या अटींत बसत नाही. अशा यंत्रावर लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली विंडोजऐवजी किंवा त्याच्या शेजारी बसवणे हा माझ्या मते सर्वांत कमी कटकटीचा मार्ग आहे. जुलै २०२४ मध्ये आलेली मिंट २२ ही आवृत्ती उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत सुरक्षा-अद्यतने मिळणार आहेत. दोन जीबी रॅम आणि डिस्कवर वीस जीबी जागा एवढ्यावर ती चालते, मात्र चार जीबी रॅम असेल तरच ब्राउझर उघडताना जीव घुसमटत नाही.

आतापर्यंत नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या बऱ्याच यंत्रांवर ती बसवून दिल्यावर माझे मत असे झाले आहे की प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. अडते ते त्याच्या आधी: फाइल अर्धवट उतरलेली असते, डिस्क चुकीच्या पद्धतीने लिहिलेली असते, किंवा यंत्राला ‘या डिस्कवरून सुरू हो’ हे सांगितलेलेच नसते. म्हणून या लेखात त्या आधीच्या टप्प्यांवरच जास्त वेळ घालवला आहे.

डीव्हीडी की पेनड्राइव्ह

यंत्र यूएसबीवरून बूट होत, म्हणजे सुरू होत असेल तर पेनड्राइव्ह वापरावा. तो वेगवान असतो, पुन्हापुन्हा लिहिता येतो आणि आजच्या बहुतेक लॅपटॉपना डीव्हीडी ड्राइव्ह नसतोच. तरीही डीव्हीडीची गरज संपलेली नाही, कारण काही जुन्या डेस्कटॉपच्या बायोसला, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या अंगभूत सॉफ्टवेअरला, पेनड्राइव्हवरून बूट होता येत नाही. शिवाय एकदा लिहिलेल्या डीव्हीडी-आरवर चुकून दुसरे काही लिहिले जात नाही, हा तिचा फायदा मला फार मोलाचा वाटतो.

माध्यमाची क्षमता मात्र आधी तपासावी. सीडीत ७०० एमबी मावतात, त्यामुळे तिचा विचार सोडून द्यावा. एकपदरी डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात आणि मिंटची फाइल सुमारे तीन जीबीची असल्याने ती तिच्यात आरामात बसते. उबुंटू २४.०४ ची डेस्कटॉप आवृत्ती आणि विंडोज ११ या दोन्ही पाच जीबीच्या पुढे जातात, म्हणून त्यांच्यासाठी दुपदरी डीव्हीडी किंवा किमान आठ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. पेनड्राइव्ह रस्त्यावरच्या ढिगातून उचललेला नसावा. ज्यावर ६४ जीबी छापलेले आहे पण आत प्रत्यक्षात आठच आहेत अशा मालावर लिहिताना कोणतीच चूक दिसत नाही, आणि वाचताना मात्र फाइली गहाळ निघतात.

नुसती फाइल कॉपी केली तर का चालत नाही

उतरवून घेतलेली आयएसओ फाइल म्हणजे एका संपूर्ण डिस्कचा हुबेहूब साचा असतो. तिच्यात फाइली तर असतातच, शिवाय यंत्र सुरू होताना सर्वप्रथम कोणता भाग वाचायचा हे सांगणारी नोंदही ठरलेल्या जागी असते. सीडी-डीव्हीडीवर ही नोंद कशी ठेवायची याचे प्रमाण १९९५ मध्ये ठरले आणि त्याचे नाव एल टोरिटो असे आहे. कॅलिफोर्नियातल्या ज्या उपाहारगृहात अभियंत्यांची त्यावर चर्चा झाली त्याचेच हे नाव, असे सांगतात. आयएसओ फाइल एखाद्या गाण्यासारखी डीव्हीडीवर ओढून टाकली, तर डिस्कवर एक मोठी फाइल पडते आणि ती नोंद त्या फाइलच्या पोटातच राहते, त्यामुळे यंत्राला ती दिसत नाही. मी स्वतः पहिली डीव्हीडी अशीच वाया घालवली होती. लॅपटॉप चार वेळा बंद-चालू करून दरवेळी विंडोजच उघडते म्हणून ड्राइव्हला दोष देत बसलो होतो, आणि शेवटी डिस्क उघडून पाहिली तेव्हा तिच्यात ती एकुलती एक फाइल माझ्याकडे बघत होती. ओळखायची खूण हीच आहे: नीट लिहिलेली डीव्हीडी उघडली की ‘कॅस्पर’, ‘बूट’, ‘ईएफआय’ असे अनेक फोल्डर दिसतात.

फाइल उतरवणे आणि तपासणे

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावर सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई अशा तीन आवृत्त्या मिळतात. चार जीबी रॅम असलेल्या जुन्या यंत्रावर एक्सएफसीई घ्यावी, आठ जीबी असतील तर सिनॅमन. मिंट २२ फक्त ६४ बिटच्या प्रोसेसरवर चालते, त्यामुळे यंत्र खरोखरच ३२ बिटचे असेल तर जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीकडे वळावे लागेल.

फाइल उतरवण्यासाठी तिथे देशवार मिररची, म्हणजे त्याच फाइलींची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरची, यादी असते, आणि टॉरंटचा, म्हणजे फाइल अनेकांकडून तुकड्यातुकड्यांत घेण्याचा, पर्यायही असतो. इंटरनेट मध्येमध्ये तुटत असेल किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून काम चालले असेल, तर टॉरंट निवडावा असे माझे ठाम मत आहे, कारण त्यात फाइलचा प्रत्येक तुकडा उतरताच तपासला जातो आणि बिघडलेला तुकडा आपोआप पुन्हा मागवला जातो. ब्राउझरने उतरवलेली फाइल मात्र शंभर टक्के पूर्ण दिसूनही आतून बिघडलेली असू शकते.

म्हणूनच पुढची पायरी कितीही कंटाळवाणी वाटली तरी टाळू नये. आयएसओच्या शेजारीच एक छोटी मजकूर-फाइल ठेवलेली असते, तिच्यात प्रत्येक आयएसओचा शा-२५६ ठसा दिलेला असतो. हा ठसा म्हणजे शून्य ते नऊ हे अंक आणि इंग्रजीतली ए ते एफ ही अक्षरे यांची ६४ चिन्हांची माळ. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी पूर्ण माळ ओळखू न येण्याइतकी बदलते. विंडोजवर सेव्हन-झिप बसवलेले असेल तर आयएसओवर उजवी कळ दाबून ‘सीआरसी शा’ या मेनूतून शा-२५६ निवडावे. जुन्या यंत्रावर यास मिनिटभर किंवा अधिक वेळ लागतो. निघालेली माळ संकेतस्थळावरच्या माळेशी जुळवून पाहावी. पहिली आणि शेवटची आठ-आठ चिन्हे जुळली तर फाइल उतरताना बिघडलेली नाही असे समजायला हरकत नाही, पण कोणी मुद्दाम बदल केला असेल का, ही शंका फेडायची असेल तर संपूर्ण माळ जुळवली पाहिजे. तुमच्याकडे आधीच मिंट चालू असलेले दुसरे यंत्र असेल तर काम आणखी सोपे होते, कारण तिथे आयएसओवर उजवी कळ दाबल्यावर ‘व्हेरिफाय’ हा पर्यायच मिळतो.

मुद्दाम केलेला बदल ही कल्पनेतली भीती नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी हल्लेखोरांनी मिंटच्याच संकेतस्थळात शिरून मिंट १७.३ सिनॅमनचा दुवा आपल्या सर्व्हरकडे वळवला होता, आणि तिथून उतरवलेल्या आयएसओमध्ये यंत्रात घुसण्याचे चोरदार बसवलेले होते. संकेतस्थळच कोणाच्या ताब्यात गेले तर त्यावर छापलेला ठसाही बदललेला असू शकतो. म्हणून ज्या मिररवरून आयएसओ घेतली त्याऐवजी दुसऱ्या एखाद्या मिररवरून ठशाची फाइल घ्यावी. ज्यांना जमते त्यांनी ठशाच्या फाइलसोबत येणारी जीपीजी सही, म्हणजे फाइल मिंटच्याच चमूची आहे हे दाखवणारी डिजिटल सही, तपासावी, तीच खरी खात्री.

डीव्हीडी लिहिताना

विंडोज ७ पासून पुढे हे काम करणारे साधन विंडोजमध्येच आहे. आयएसओवर उजवी कळ दाबून ‘बर्न डिस्क इमेज’ निवडावे. विंडोज ११ मध्ये हा पर्याय ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या खाली सापडतो, आणि सेव्हन-झिपसारख्या सॉफ्टवेअरने आयएसओ फाइली आपल्या नावावर करून घेतल्या असतील तर तो दिसतच नाही. तसे झाल्यास ‘ओपन विथ’मधून ‘विंडोज डिस्क इमेज बर्नर’ निवडावे. उघडलेल्या छोट्या खिडकीत ‘व्हेरिफाय डिस्क आफ्टर बर्निंग’ या चौकटीत खूण करून मगच ‘बर्न’ दाबावे. लिनक्सवर ब्रासेरो, एक्सएफबर्न किंवा केथ्रीबी वापरता येईल, पण तिथेही ‘इमेज बर्न’ हाच पर्याय घ्यायचा, ‘डेटा डिस्क’ नव्हे.

वेग निवडता येत असेल तर चारपट ठेवावा. डीव्हीडीचा एकपट वेग सेकंदाला सुमारे १.३८ एमबी असतो, तेव्हा चारपट वेगाने तीन जीबी लिहायला नऊ-दहा मिनिटे लागतात आणि पडताळणीला साधारण तेवढीच. सोळापट वेगाने लिहून जी पाच-सहा मिनिटे वाचतात, ती पुढे झिजलेल्या ड्राइव्हला डिस्क वाचता न आल्याने दुपटीने खर्च होतात. लिहिणे चालू असताना त्या यंत्रावर दुसरे काही करू नये. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर ज्या वेळेत वीज जाण्याचा धोका असतो ती वेळ टाळावी, कारण डीव्हीडी-आर अर्ध्यावर थांबली की ती फेकूनच द्यावी लागते.

पेनड्राइव्ह लिहिताना

पेनड्राइव्हवरचे सर्व काही पुसले जाणार आहे हे गृहीत धरून त्यातल्या फाइली आधी दुसरीकडे हलवाव्यात. विंडोजवर यासाठी रुफस हे लहानसे मोफत साधन उत्तम आहे. पेनड्राइव्ह लावून रुफस उघडावे, ‘डिव्हाइस’च्या रकान्यात तो दिसतो का पाहावे, ‘सिलेक्ट’ दाबून आयएसओ निवडावी. ‘पार्टिशन स्कीम’ (डिस्कचे भाग पाडण्याची पद्धत) एमबीआर ठेवल्यास मिंटचा पेनड्राइव्ह जुन्या बायोसवर आणि त्याची जागा घेणाऱ्या नव्या यूईएफआयवर दोन्हीकडे चालतो. ‘स्टार्ट’ दाबल्यावर रुफस दोन प्रश्न विचारू शकते. काही नव्या फाइली उतरवू का, असे विचारल्यास हो म्हणावे. मग आयएसओ पद्धतीने लिहू की डीडी पद्धतीने, असे विचारेल, तिथे शिफारस केलेली आयएसओ पद्धत घ्यावी. तयार झालेला पेनड्राइव्ह बूट झाला नाही, तर हेच सर्व पुन्हा करून डीडी पद्धत वापरून पाहावी, आणि बऱ्याचदा तेवढ्याने काम होते. डीडी पद्धतीने लिहिलेला पेनड्राइव्ह विंडोजला ओळखता येत नाही, म्हणून ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का’ अशी खिडकी उघडू शकते. तिथे न चुकता ‘कॅन्सल’ दाबावे, नाहीतर नुकतेच लिहिलेले सर्व पुसले जाईल.

विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालणारे बालेना एचर हे दुसरे साधन आहे. त्यात फाइल निवडा, ड्राइव्ह निवडा आणि लिहा एवढेच असते, आणि शेवटी ते स्वतःहून पडताळणी करते. मिंटमध्ये ‘यूएसबी इमेज रायटर’ असतोच. एकाच पेनड्राइव्हवर पाच-सहा आयएसओ ठेवायच्या असतील तर व्हेंटॉय पाहावे. त्याची गंमत अशी की एकदा ते पेनड्राइव्हवर बसवले की आयएसओ खरोखरच नुसत्या कॉपी करायच्या असतात, म्हणजे वर जी चूक म्हणून सांगितली तीच इथे रीत होते.

कोणतेही साधन घेतले तरी एका जागी हात थांबलाच पाहिजे, ती म्हणजे ड्राइव्ह निवडण्याची जागा. पेनड्राइव्हवर १६ जीबी छापलेले असते पण विंडोज तो १४.९ किंवा त्याहून थोडा कमी दाखवते, कारण उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. त्याच हिशेबाने एक टीबीची बाहेरची हार्डडिस्क ९३१ जीबी दिसते. एकदा घाईत असताना माझ्यासमोरच्या रकान्यात ९३१ हा आकडा होता आणि बोट माऊसवर ठेवलेले होते. त्या हार्डडिस्कवर बहिणीच्या लग्नाचे फोटो होते. तेव्हापासून पेनड्राइव्ह लिहिताना मी बाकीच्या सर्व यूएसबी वस्तू उपटून बाजूला ठेवतो. रुफस बाहेरच्या हार्डडिस्क मुळात यादीत दाखवत नाही, पण त्या दाखवण्याची खूण कोणीतरी आधी करून ठेवलेली असू शकते.

लॅपटॉप बूट करण्याआधी

कागदपत्रे, फोटो आणि ब्राउझरमधले पासवर्ड यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती प्रत उघडून पाहावी. विंडोज शेजारी ठेवायचे असेल तर आणखी दोन कामे आहेत. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर पर्यायांतून ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे, कारण ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि त्याचे पार्टिशन लिनक्सला अर्धवट झोपलेले दिसते. आणि डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन चालू असेल तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी, कारण फर्मवेअरमध्ये, म्हणजे बायोस किंवा यूईएफआयमध्ये, बदल केल्यावर विंडोज ती मागू शकते आणि ती नसेल तर डेटा गेलाच.

यंत्राला डिस्कवरून सुरू करणे

डिस्क किंवा पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू करावे आणि कंपनीचे चिन्ह दिसण्याआधीपासून बूट मेनूची कळ दर अर्ध्या सेकंदाला टिचकत राहावी. एकदाच दाबून धरून ठेवल्यास ती अनेकदा लागू पडत नाही. डेल, लेनोवो आणि एसर यांच्या बहुतेक लॅपटॉपवर एफ१२, एचपीवर आधी एस्केप आणि मग एफ९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप, अशी सर्वसाधारण रीत आहे. एसरच्या काही यंत्रांत एफ१२ चा मेनू मुळात बंद असतो, तो एफ२ दाबून बायोसमध्ये चालू करावा लागतो. कळ काही केल्या लागत नसेल तर विंडोजमध्ये जाऊन शिफ्ट धरून ‘रीस्टार्ट’ दाबावे आणि उघडलेल्या निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ निवडावे. यूईएफआयच्या यंत्रांवर हा मार्ग फार उपयोगी पडतो आणि फारच थोड्यांना ठाऊक असतो.

बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा यूईएफआय हा शब्द पुढे लावून. यंत्रावर विंडोज ८ किंवा १० आधीपासून बसवून आलेले असेल तर यूईएफआयचीच ओळ निवडावी, कारण एक प्रणाली जुन्या पद्धतीने आणि दुसरी नव्या पद्धतीने बसली तर सुरू होताना त्यातली एक निवडण्याचा मेनू नीट मिळत नाही. सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारी सोय, बंद करण्याची सहसा गरज नसते. पेनड्राइव्ह सिक्युअर बूटच्या कारणाने नाकारला गेला तरच ते बंद करावे.

मेनूतली ‘स्टार्ट लिनक्स मिंट’ ही पहिली ओळ निवडल्यावर पडदा काळाच राहिला, तर यंत्र बंद करून पुन्हा तिथवर यावे आणि ‘कंपॅटिबिलिटी मोड’ निवडावा. जुन्या एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डांवर असे हमखास होते. डीव्हीडीवरून बूट होताना मात्र तीन-चार मिनिटे नुसती डिस्क फिरल्याचा घरघराट ऐकू येतो, तेवढ्याने घाबरून बटण दाबू नये. मेनूत ‘इंटिग्रिटी चेक’ दिसत असेल आणि डिस्कबद्दल शंका असेल तर आधी तो चालवावा.

डेस्कटॉप उघडल्यावर

आता जे समोर दिसते ते डिस्कवरूनच चालत असते आणि लॅपटॉपच्या हार्डडिस्कला अजून धक्का लागलेला नसतो. हा वेळ सत्कारणी लावावा. वाय-फाय जोडून पाहावे, एखादा व्हिडिओ लावून आवाज येतो का पाहावे, टचपॅड, कॅमेरा आणि पडद्याचा उजेड कमीजास्त करणाऱ्या कळा तपासाव्यात. ब्रॉडकॉमच्या जुन्या वाय-फाय चिपा बऱ्याचदा सुरुवातीला चालत नाहीत. अशा वेळी मोबाइल केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केले की तात्पुरते इंटरनेट मिळते आणि पुढे ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून हवा तो ड्रायव्हर बसवता येतो.

सर्व ठीक असेल तर डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ या चिन्हावर दोनदा टिचकी मारावी. भाषांच्या यादीत मराठीही आहे. मी स्वतः प्रणाली इंग्रजीत ठेवतो, कारण अडचण आल्यावर तिचा शोध इंग्रजी शब्दांनी लवकर लागतो, पण घरातल्या ज्येष्ठांसाठी बसवताना मराठी निवडलेली आहे आणि त्यांची तक्रार आलेली नाही. पुढे ‘इरेज डिस्क’ हा पर्याय विंडोजसह सर्व पुसतो, तर ‘अलाँगसाइड’ हा पर्याय विंडोज ठेवून शेजारी जागा करतो. इथे हार्डडिस्कच दिसली नाही तर बायोसमध्ये साठवणीची पद्धत ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’ आहे का पाहावे आणि ती ‘एएचसीआय’ करावी. मात्र विंडोज ठेवायचे असेल तर हा बदल नीट माहिती घेतल्याशिवाय करू नये, कारण त्यानंतर विंडोज सुरू होण्यास नकार देते.

पंधरा-वीस मिनिटांनी काम संपले की प्रणाली डिस्क काढून एंटर दाबायला सांगते. तसे करून यंत्र पुन्हा सुरू झाले की डीव्हीडीवर मार्करने आवृत्ती आणि तारीख लिहून ती पाकिटात घालून ठेवावी. पेनड्राइव्ह पुन्हा रोजच्या कामासाठी हवा असेल तर तो नेहमीसारखा फॉरमॅट केल्यावर कधीकधी दोन-तीन एमबीचाच दिसतो. तो बिघडलेला नसतो, त्यावर बूटसाठी केलेले पार्टिशन तेवढे शिल्लक असते. रुफसमध्ये ‘नॉन बूटेबल’ निवडून, किंवा मिंटच्या ‘यूएसबी स्टिक फॉरमॅटर’मधून तो साफ केला की सगळी जागा परत मिळते.